पंक्चर काढायचं की टायर बदलायचा?

टायरात खिळा घुसला की पंक्चरवाला पक्कडीने तो उपटतो, भोकात चिकट दोरीची स्ट्रिप कोंबतो, हवा भरतो आणि शंभर-दोनशे रुपये घेतो. पंधरा मिनिटांचं काम. बहुतेक गाड्या त्यानंतर महिनोन्‌महिने विनातक्रार चालतात, म्हणून यात ठरवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. पण ज्या टायरांना स्ट्रिप लावायलाच नको होती, तेही याच पद्धतीने ‘दुरुस्त’ होऊन ताशी १०० किलोमीटरने धावत असतात. दुसरीकडे, मधोमध घुसलेल्या साध्या खिळ्यासाठी नवा टायर गळ्यात मारणारे दुकानदारही कमी नाहीत.

निर्णय पाच गोष्टींवर ठरतो: भोक कुठे आहे, केवढं आहे, हवा उतरल्यावर गाडी किती चालवली, नक्षी किती उरली आहे आणि टायर किती जुना आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत निर्णायक आहे आणि नेमकी तीच बाहेरून दिसत नाही. इथलं सगळं विवेचन ट्यूबलेस रेडियल टायरांचं आहे. आजच्या जवळपास सगळ्या कारना तेच असतात.

हवा गेल्याचं कळलं, आता पहिली काही मिनिटं

गाडी एका बाजूला ओढू लागली, स्टीअरिंग जड झालं, मागून ‘फटफट’ आवाज येऊ लागला किंवा डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा दिवा लागला, की करकचून ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर द्या आणि वेग आपोआप उतरू देत डाव्या कडेला या. पुढचं दुकान ‘इथेच दोन किलोमीटरवर’ असलं तरी बसलेल्या टायरवर तिथवर जाऊ नका. हवा नसताना टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेपली जाते. १८५/६५ आर१५ मापाचा टायर एका किलोमीटरात पाचशेहून जास्त फेरे मारतो, म्हणजे ती भिंत पाचशेहून जास्त वेळा दुमडते. आतले धागे तापून तुटतात आणि रबर किसून त्याचा भुसा होतो. खिळ्याने दोनेक मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं. टायर खरा निकामी होतो तो या प्रवासात. पूर्ण बसलेल्या टायरवर अर्धा किलोमीटरसुद्धा महाग पडू शकतो.

गाडी थांबवल्यावर हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा. एक्स्प्रेसवेवर असाल तर आधी माणसं डाव्या बाजूच्या रेलिंगपलीकडे न्या. टायर उजवीकडचा असेल आणि शेजारून ट्रक जात असतील, तर तिथे बसून स्टेपनी बदलण्याचं धाडस करू नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चालतो. स्टेपनी बदलायचीच झाली तर जमीन सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, विरुद्ध चाकाला दगड हवा, आणि नट जॅक लावण्याआधीच अर्धा फेरा सैल करून घ्यायला हवेत. जॅकवर उभ्या गाडीचे घट्ट नट पान्यावर उभं राहून सोडवताना गाडी घसरते.

खिळा दिसला तर उपटू नका. घुसलेला खिळाच बऱ्याचदा बूच बनून हवा धरून ठेवतो. गाडीत १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर असेल तर हवा पूर्ण भरा आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. ३३ पीएसआय भरली आणि दहा मिनिटांनी ३२ असेल, तर ताशी ४०-५० च्या वेगाने जवळचं दुकान गाठता येतं. वाटेत एकदा थांबून परत मोजायची. ३३ ची २५ झाली तर स्टेपनीला पर्याय नाही.

हवा किती उतरली होती आणि त्या अवस्थेत गाडी किती चालली, हे लक्षात ठेवा. जमलं तर मोबाइलवर लिहून ठेवा. पुढच्या निर्णयाचा मोठा भाग याच दोन आकड्यांवर अवलंबून आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये हवेचा दिवा पाचवा ते चौथा हिस्सा हवा कमी झाल्यावर लागतो. त्या टप्प्यावर थांबलात तर टायर सहसा शाबूत असतो.

मुळात पंक्चर आहे का?

दर चार दिवसांनी एकाच टायरची हवा कमी होत असेल, तर भोकच असेल असं नाही. साबणाचं किंवा शॅम्पूचं घट्ट पाणी करून एक एक जागा तपासायची. सुरुवात व्हॉल्व्हच्या तोंडापासून. टोपी काढून वर फेसाचा थेंब सोडा. पंक्चरवाले इथे बोटावर थुंकी घेऊन हेच करतात. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. ती आवळून किंवा बदलून काम भागतं. मग व्हॉल्व्ह हलक्या हाताने वाकवून त्याच्या बुंध्याशी पाणी टाका. रबरी व्हॉल्व्ह उन्हाने कडक होऊन बुंध्याशी तडकतो. तो बदलायला टायर रिमवरून सोडवावा लागतो, पण वस्तू स्वस्त आहे. नवा टायर बसवताना जुना रबरी व्हॉल्व्ह तसाच ठेवू नये, ते याचसाठी.

त्यानंतर टायरची कड रिमला जिथे टेकते ती पूर्ण गोलाई बघा, आतल्या बाजूचीसुद्धा. कोकणात आणि गोव्यात खारट हवेमुळे अलॉय (मिश्रधातूच्या) रिमच्या आतल्या कडेवर पांढरी पूड धरते, रंग सोलतो आणि तिथून हवा झिरपते. लोखंडी रिमला गंज चढून हेच होतं. टायर उतरवून कड घासून साफ केली, सीलर लावला की प्रश्न मिटतो. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल तर लोखंडी रिम सरळ करता येते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या नादी न लागता रिम बदलावी. यातल्या एकाही कारणासाठी टायर बदलावा लागत नाही.

भोक कुठे आहे

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणि त्याची भिंत यांची रचना वेगळी असते. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांतून एखादा खिळा आरपार गेला तरी आजूबाजूच्या तारा भार वाटून घेतात. भिंतीत मात्र असे पट्टे नसतात. साधारणपणे पॉलिस्टरच्या धाग्यांचे एक किंवा दोन थर गाडीचा सगळा भार पेलतात आणि प्रत्येक फेऱ्याला वाकतात. तिथले धागे तुटले की त्यांचं काम कुठलाही पॅच करू शकत नाही. वर पॅच लावला तरी तो वाकून वाकून सुटतो. म्हणून कारच्या टायरच्या भिंतीतलं भोक दुरुस्त होत नाही, मग ते टाचणीएवढं का असेना.

खरा घोळ खांद्याशी होतो. नक्षी संपून टायर वळतो त्या भागाला शोल्डर म्हणतात. पोलादी पट्ट्यांच्या कडा तिथे संपतात, उष्णता तिथे सर्वांत जास्त साठते आणि पट्टे सुटायला सुरुवातही तिथूनच होते. बाहेरून नक्षी दिसते, म्हणून पंक्चरवाला तिथेही बेधडक स्ट्रिप घालतो. ब्रिटिश मानकात साध्या दुरुस्तीसाठी नक्षीचा मधला साधारण तीन चतुर्थांश पट्टाच मान्य आहे. नक्षी १४० मिमी रुंद असेल तर दोन्ही कडांना १७-१८ मिमी सोडायचे. पट्टी जवळ नसेल तर अंगठा नक्षीच्या कडेला आडवा ठेवा. भोक अंगठ्याखाली झाकलं गेलं तर दुरुस्ती नको.

खिळा तिरका घुसला असेल तर बाहेरचं भोक फसवतं. बाहेरून ते कडेपासून तीन सेंटीमीटर आत दिसतं आणि आतून शोल्डरमध्ये निघालेलं असतं. ज्या बाजूचं भोक कडेला जास्त जवळ असेल, तेच माप धरायचं.

केवढं आहे

मर्यादा ६ मिमीची. अमेरिकेतल्या टायर उद्योगाची मार्गदर्शक तत्त्वंही पाव इंच म्हणजे तेवढीच मर्यादा सांगतात. साधी शिसपेन्सिल सुमारे ७ मिमी जाड असते. ती भोकात जाईल असं दिसत असेल तर गोष्ट संपली. सुताराचे खिळे, स्क्रू, चपलेचे खिळे, तारेचे तुकडे या मर्यादेत बसतात. ट्रकचा बोल्ट, सळईचा तुकडा, पत्र्याने पाडलेली चीर बसत नाही. चिरेची लांबी मोजायची, रुंदी नाही: १ मिमी रुंद पण १२ मिमी लांब चीर म्हणजे ओळीने तुटलेल्या तारा. अशा चिरेत दोन-तीन स्ट्रिप शेजारी शेजारी कोंबून हवा थांबवतात. ती थांबतेही, पण पट्टा तुटलेलाच राहतो.

मोजमाप खिळा काढून, भोक साफ केल्यावर करायचं. खिळ्याचं डोकं मोठं आणि दांडा बारीक असतो, त्यामुळे आधीचा अंदाज दोन्हीकडे चुकू शकतो. अनेकदा असंही निघतं, की खडा किंवा आखूड स्क्रू फक्त रबरात रुतलेला आहे आणि आरपार गेलेलाच नाही. साबणपाणी टाकून बुडबुडे येत नसतील तर तो हळूच काढून पुन्हा पाणी टाका. हवा सुटत नसेल तर काहीच करायचं नाही. पंक्चरवाल्याने अशा जागी रीमर, म्हणजे भोक घासायचं कानशीसारखं हत्यार, घातला तर नसलेलं पंक्चर तयार होतं.

जुनी पंक्चरं

एका टायरात किती पंक्चरं चालतील, याचा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा एक आकडा नाही. दोन पॅच एकमेकांवर चढता कामा नयेत, हा पक्का नियम. जुन्या भोकाशेजारी दोन-तीन सेंटीमीटरवर नवीन भोक पडलं असेल तर आतून पॅचला जागाच उरत नाही. जुनी दुरुस्ती चुकीच्या जागी किंवा चुकीच्या पद्धतीने झालेली आढळली, तर तो टायर पुन्हा दुरुस्त करत बसू नये. चार-पाच स्ट्रिपा झालेला टायर मी फार तर स्टेपनीत ठेवेन, आणि तोही आतून पाहून झाल्यावरच.

टायर उतरवून आत काय बघायचं

इथवर सगळं दुरुस्तीच्या बाजूने असलं तरी अंतिम निर्णय टायर रिमवरून उतरवल्यावरच होतो. हवा निम्म्याच्या खाली गेली असताना गाडी चालली असेल तर उतरवणं टाळूच नये. आतून उजेड टाकून पुढच्या खुणा शोधायच्या:

- तळाशी साचलेला काळा भुसा किंवा रबराचे चिकट गोळे. भिंत आतून किसली गेली आहे.
- आतल्या बाजूला गोलाईभर उमटलेला सुरकुत्यांचा किंवा घासल्याचा पट्टा, रंग निळसर-करडा झालेला.
- उघडे पडलेले धागे, किंवा आतला पातळ थर सुटून आलेला.
- कडेची तार वाकलेली, किंवा कडेचं रबर फाटलेलं.

यातली एकही खूण असली तर टायर टाकून द्यायचा, मग भोक मधोमध आणि दीड मिलिमीटरचं असलं तरी. असा टायर हवा भरल्यावर बाहेरून नव्यासारखा दिसतो, आणि भर उन्हात, भरलेल्या गाडीखाली, वेगात असताना त्याची भिंत फाटते. दुकानदार ‘भुसा झटकला की झालं’ म्हणाला तर दुकान बदला.

भिंतीवर आलेला फुगा हा वेगळा प्रकार. खड्ड्यात किंवा डिव्हायडरवर आपटून आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. हवा जात नसते, त्यामुळे लोक महिनाभर चालवतात. फुगा दुरुस्त होत नाही. उलट भिंतीवर बारीक, आत गेलेली खळी दिसत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. रेडियल टायरात धाग्यांच्या जोडाजवळ तशी खळी असू शकते.

नक्षी आणि वय

नक्षीच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात. भिंतीच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्यांच्या रेषेत बघितलं की उंचवटा सापडतो. त्याची उंची १.६ मिमी. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की भारतातल्या मोटार वाहन नियमांनुसार कारचा टायर संपला. पण पावसाळ्याचे चार महिने घाटात गाडी चालवणाऱ्याने १.६ ची वाट पाहू नये. ३ मिमीच्या खाली खाचा पाणी बाहेर फेकायला अपुऱ्या पडू लागतात आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायचा धोका वाढतो. नक्षी मोजायचा प्लास्टिकचा गेज फार स्वस्त मिळतो. मोजताना आतली, मधली आणि बाहेरची अशा तिन्ही खाचा मोजा. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेलं आहे आणि नवा टायरही तसाच खाल्ला जाईल.

वय भिंतीवरच्या चार आकड्यांवरून कळतं. डॉट या अक्षरांनंतरच्या मालिकेच्या शेवटी, लंबगोलात ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे आकडे एकाच बाजूला असतात. बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही असली तरी निवृत्ती, असा सल्ला मोठ्या टायर कंपन्या देतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी दहा वर्षं फार झाली. भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं दिसू लागलं की पंक्चर हे बदलण्याचं निमित्त समजावं.

पैशांचा हिशोबही इथेच बसतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी, त्यातली १.६ पर्यंत वापरता येणारी ६.४ मिमी. आज ३.५ मिमी उरली असेल तर वापरायला १.९ मिमी, म्हणजे सुमारे ३० टक्के शिल्लक. टायर ६,००० रुपयांचा असेल तर हातात १,८०० रुपयांची वस्तू आहे. पाचशे रुपयांची चांगली दुरुस्ती तिच्यावर करणं योग्य. २.५ मिमी उरली असेल तर शिल्लक जेमतेम साडेआठशेची, आणि पुढे पावसाळा असेल तर तीही कागदावरचीच.

दुरुस्ती: स्ट्रिप, मशरूम आणि टाळायच्या गोष्टी

स्ट्रिप, म्हणजे चिकट दोरी, बाहेरून लागते. आधी कानशीसारखा रीमर भोकात फिरवतात, मग सोल्युशन लावलेली स्ट्रिप सुईने आत ढकलून सुई झटक्यात ओढून घेतात. टायर उतरवायचा नसल्याने काम लवकर होतं. तोटे तीन. आतलं काहीच दिसत नाही. रीमर जोरात फिरवला तर चांगल्या ताराही तुटतात. आणि आतला हवाबंद थर सील होत नसल्यामुळे पुढे कधीतरी हवा पट्ट्यांमध्ये झिरपते आणि बाहेरचं पाणी तारांना गंजवतं. त्यामुळे स्ट्रिप ही घरी पोहोचण्याची सोय आहे. भोक मधोमध आणि बारीक असेल, हवा फारशी उतरली नसेल, गाडी शहरातच फिरत असेल तर ती वर्षानुवर्षं टिकल्याची उदाहरणं खूप आहेत, हे खरं. पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, काँक्रीटवर, ताशी १२० च्या मर्यादेला चिकटून, मे महिन्यात जायचं असेल तर स्ट्रिप लावलेला टायर घेऊन निघू नका.

योग्य दुरुस्ती मशरूम पॅचची. छत्रीसारखा पॅच आणि त्याला दांडा. दांडा भोक भरतो, छत्री आतून सील करते. दुकानात काम कसं व्हायला हवं ते बघा:

१. टायर उतरवून भोकाला आतून-बाहेरून खडूने खूण करायची आणि आतली पूर्ण तपासणी करायची.

२. भोक ड्रिलच्या कार्बाइड कटरने, खिळा ज्या कोनात गेला त्याच कोनात साफ करायचं. तुटक्या तारांची टोकं राहिली तर ती दांडा कापतात.

३. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा आतून हलकी घासून खडबडीत करायची. घासणं पातळ थरापुरतंच. खालचे धागे दिसले तर टायर गेला. नंतर भुसा व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढायचा.

४. सोल्युशन लावून ते वाळू द्यायचं. बोटाला किंचित चिकटेल पण ओलं नसेल इतपत, साधारण तीन ते पाच मिनिटं. पावसाळी दमट हवेत जास्त. इथे घाई केली की आत अडकलेला द्रव वाफ होऊन पॅच उचलतो. मशरूम लावल्यावरही हवा जाते, त्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

५. दांडा आतून बाहेर ओढून घ्यायचा, छत्री रोलरने मधून कडेकडे दाबत बसवायची, कडांवर सीलर लावायचा.

६. बाहेर आलेला दांडा न ताणता, नक्षीच्या वर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापायचा.

७. टायर चढवून हवा भरायची. कड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. बसत नसेल तर हवा सोडून साबण लावून पुन्हा. मग साबणपाण्याची तपासणी आणि चाकाचं बॅलन्सिंग.

खिळा सरळ रेषेपासून सुमारे २५ अंशांहून जास्त तिरका असेल तर एकसंध मशरूम नीट बसत नाही. दांडा वेगळा आणि पॅच वेगळा असं दोन तुकड्यांत करावं लागतं. शहरात मशरूमचे साधारण तीनशे ते सहाशे रुपये आणि बॅलन्सिंगचे वेगळे असा अंदाज धरा.

आता टाळायच्या गोष्टी. नुसता सपाट पॅच आतून लावला तर हवा थांबते, पण भोक बाहेरून उघडं राहून पाणी पट्ट्यांपर्यंत जातं. ‘हॉट पॅच’च्या नावाखाली रस्त्याकडेच्या गरम प्रेसमध्ये टायर चेपतात, तापमानावर कुणाचा ताबा नसतो आणि आजूबाजूचं रबर करपतं. ट्यूबलेस टायरात ट्यूब टाकून देणं हा सर्वांत घातक सल्ला. मूळ इजा तशीच राहते, टायरच्या आतल्या खरखरीत भागावर ट्यूब घासते, चाक जास्त तापतं आणि ट्यूब फुटली की हवा हळू न जाता एकदम जाते.

द्रव सीलंट अडीअडचणीला चालतं. पण ते वापरलंत तर दुकानात आधी सांगा: आत चिकट घाण झालेली असते, ती पुसल्याशिवाय पॅच धरत नाही, आणि हवेचा सेन्सरही त्याने बुजू शकतो. सेन्सर असलेल्या गाडीत टायर उतरवताना मशीनचं टोक व्हॉल्व्हजवळ येऊ देऊ नये, हेही बजावा.

आणि एक सावधगिरी. भोक एकच असताना ‘चार पंक्चर निघाले’ हा प्रकार हायवेवर होतो. टायर फिरवला जात असताना शेजारी उभे राहा, प्रत्येक बुडबुडा स्वतः बघा, त्याला खडूची खूण करा, आणि बुडबुडा दिसल्याशिवाय रीमर घालू देऊ नका.

रनफ्लॅट टायर हवेशिवायही बहुधा ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकतो, पण त्यानंतर तो दुरुस्त करायचा की नाही हे त्या कंपनीच्या सूचनेवर अवलंबून असतं. आतून फोम लावलेल्या टायरात भोकाजवळचा फोम कापून काढावा लागतो. हे काम कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ नये.

बदलायचा ठरला, तर किती?

एकच बदलून भागतं का, हे त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या टायरवर ठरतं. माप, भार आणि वेगाची खूण सारखी हवीच. ‘१८५/६५ आर१५ ८८ एच’ मध्ये ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडीसोबत आलेल्या आकड्यांपेक्षा कमीचा टायर घेऊ नये. शक्यतो कंपनी आणि नक्षीही तीच. जुन्या जोडीदाराची नक्षी नव्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटरनेच कमी असेल तर एक टायर पुरतो. फरक ४ मिमी असेल तर व्यासात ८ मिमीचा फरक पडतो; वर दिलेल्या १८५/६५ आर१५ मापाच्या टायरात तो दर किलोमीटरला सुमारे १३ मीटरचा होतो. तेवढा फरक डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरना) सतत पचवावा लागतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी जोडी बदला. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही चाकांतला फरक किती चालेल हे मॅन्युअलमध्ये बघा. ती मर्यादा बरीच कडक असते.

नवी जोडी मागे बसवायची, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे टायर ओल्यात घसरले तर गाडी वळणात सरळ जाऊ लागते, आणि वेग कमी केला की बहुतेकदा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. ‘पुढे इंजिन आहे, नवे पुढेच टाका’ हा दुकानातला सल्ला अजून सर्रास मिळतो.

घेण्याआधी स्टेपनी तपासा. ती बाकीच्या चाकांच्याच मापाची आणि पाच वर्षांच्या आतली असेल, तर ती एका बाजूला वापरून दुकानातून एकच नवा टायर आणता येतो आणि जुन्यातला बरा टायर स्टेपनीत जातो. बारीक मापाची, ८० च्या मर्यादेची स्टेपनी मात्र कायमची वापरता येत नाही. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्या स्टेपनीऐवजी दुरुस्तीचं किट आणि हवेचे सेन्सर घेऊन येतात. त्यांच्या मालकांनी किटमधल्या सीलंटची मुदत बघून ठेवावी. ती संपलेली असल्याचं बहुधा रस्त्यातच कळतं.

दर विचारताना फिटिंग, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून विचारा. सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो नीट लागला आहे का बघा. विम्याची फार आशा ठेवू नका. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत; त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरसाठीचं जादा कव्हर घेतलं असलं तरी त्यात साधं पंक्चर सहसा बसत नाही.

चाक परत चढल्यावर

भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे का, ते बघा. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. हवेच्या गनने कचकचून आवळलेला नट पुढच्या पंक्चरला रस्त्यात सुटत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. दुरुस्ती झाली म्हणून दोन पीएसआय कमी किंवा जास्त भरायचं काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकं मोजा आणि आठवड्याने परत मोजा. दुरुस्त केलेल्या टायरची हवा इतर तिघांइतकीच उतरली असेल तर काम नीट झालं आहे. एक-दोन पीएसआय जास्त उतरली असेल तर साबणपाणी घेऊन आधी व्हॉल्व्ह आणि कड बघा, मग पॅचची जागा. ताशी ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग राहिलं आहे. कमी वेगातही चाक ठेचकाळल्यासारखं वाटत असेल तर पट्टा सुटत असण्याची शक्यता धरून टायर त्याच दिवशी उतरवून घ्या.